कार्डियामोबाइल ६एल : पट्टी चोख, निकाल मात्र तपासून घ्यावा

अलाइव्हकोर कंपनीचं, घरच्या घरी ईसीजी काढणारं कार्डियामोबाइल ६एल घ्यावं की नाही, हे एका साध्या गोष्टीवर ठरतं. त्यातून निघणारी ईसीजीची पट्टी वाचणारं कुणी जवळपास आहे का? फॅमिली डॉक्टर असोत, नात्यातली एखादी परिचारिका असो, नाहीतर शिकायची तयारी असलेले तुम्ही स्वतः. असेल तर बिनधास्त घ्या. पट्टीकडे ढुंकूनही न बघता ॲपने वर लिहिलेल्या एका ओळीवर विसंबायचं असेल, तर ते पैसे वाचवा. हृदयाच्या विद्युत लहरी हे यंत्र फार छान टिपतं. त्यांना नाव देताना मात्र त्याच्याकडे मोजकेच शब्द आहेत, आणि ठोके बिघडण्याच्या तऱ्हा त्याहून कितीतरी जास्त.

आधी वस्तू बघू. च्युइंगगमच्या पाकिटाएवढं चपटं यंत्र, वजन २४ ग्रॅम. वरच्या बाजूला दोन धातूचे पत्रे, खालच्या बाजूला एक. आत सीआर २०१६ हा नाण्यासारखा सेल, त्यामुळे चार्जिंगची भानगड नाही. ईसीजीची पट्टी ब्लूटूथने मोबाइलवर जाते. एकाच लीडच्या (लीड म्हणजे एका दिशेने बघून काढलेली हृदयाची रेषा) जुन्या कार्डियात ही माहिती कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरींतून मोबाइलच्या माइकपर्यंत जायची. माइक जाड कव्हरखाली असला किंवा फोन लांब ठेवला की रेषा तुटायची. ६एलमध्ये ती कटकट संपली. सेकंडहँड घेताना दोन्ही मॉडेलांत गल्लत करू नका. ओळखायची खूण सोपी आहे: खालच्या बाजूला तिसरा पत्रा असेल तरच ते ६एल.

त्या तिसऱ्या पत्र्यातच या यंत्राची खरी किंमत आहे. दोन्ही हातांचे अंगठे आणि डावा पाय, असे तीन बिंदू मिळाले की आइंथोव्हेनचा त्रिकोण पूर्ण होतो. ईसीजीसाठी १९२४ चं नोबेल मिळवणाऱ्या या डच शास्त्रज्ञाने रुग्णाचे दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून याच तीन जागांवरून रेषा काढल्या होत्या. उजव्या हातापासून डाव्या हातापर्यंत लीड १, उजव्या हातापासून डाव्या पायापर्यंत लीड २. या दोन मिळाल्या की उरलेल्या चार निव्वळ हिशेबाने निघतात. लीड २ मधून लीड १ वजा केली की लीड ३. लीड १ आणि २ ची बेरीज करून निम्मी करा, चिन्ह उलटं करा, की एव्हीआर. लीड १ मधून लीड २ ची निम्मी वजा केली की एव्हीएल, आणि लीड २ मधून लीड १ ची निम्मी वजा केली की एव्हीएफ. म्हणजे सहा लीड दिसल्या तरी मोजलेली माहिती दोनच लीडची असते. यात फसवणूक काही नाही, दवाखान्यातल्या मोठ्या मशीनवरही हाता-पायांच्या लीड अशाच निघतात. पण एका हाताचा संपर्क खराब झाला की एकाच वेळी अनेक लीड का बिघडतात, ते यावरून कळतं.

मनगटी घड्याळातल्या ईसीजीत साधारणपणे फक्त लीड १ मिळते. वरच्या कप्प्यांची पी लहर लीड १ मध्ये बऱ्याच जणांत बारीक असते, लीड २ मध्ये ती ठळक दिसते. ठोक्यांच्या गडबडीत पहिला प्रश्नच ‘पी कुठे आहे?’ हा असतो. म्हणून घड्याळ आधीपासून असलं तरी ६एल वेगळं घेण्यात अर्थ आहे.

आता पट्टी कशी काढायची. ही पायरी लोक उरकून टाकतात आणि मग यंत्र वाईट म्हणतात. पाठ टेकवून खुर्चीत बसा, पाय जमिनीवर सपाट. यंत्र डाव्या गुडघ्याच्या थोडं वर किंवा डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला, उघड्या कातडीवर टेकवा. कापडावरून चालत नाही. साडी नेसणाऱ्या किंवा पायजमा घालणाऱ्या वयस्कर माणसांना घोटा सोयीचा पडतो, पण त्यासाठी डावा पाय उजव्या मांडीवर आडवा घ्यावा लागतो. गुडघे दुखत असतील तर पाय छोट्या स्टुलावर ठेवून दुसऱ्या कुणी यंत्र घोट्याला धरलं तर चालतं, मात्र धरणाऱ्याचं बोट पत्र्यांना लागता कामा नये. नाहीतर दोन माणसांची मिळून एक पट्टी निघेल. अंगठे वरच्या पत्र्यांवर हलके ठेवा. दाबून धरलं की हाताचे स्नायू ताठतात आणि रेषेवर काटे उगवतात. हात मांडीवर सैल सोडा, तीस सेकंद बोलू नका, श्वास रोखू नका.

अंगठे कोरडे असतील, हिवाळ्यात तर हमखास, तर ओल्या कापडाने पुसून घ्या. तेल किंवा क्रीम लावलेलं असेल तर आधी साबणाने हात धुवा. फोन चार्जरला लावलेला नको. रेषा बारीक दातांच्या करवतीसारखी, प्रत्येक मिलिमीटरला दोन दात अशी दिसली, तर ती विजेच्या तारांतली ५० हर्ट्झची घरघर आहे. ॲपच्या सेटिंगमध्ये मेन्स फिल्टर ५० वर आहे ना, ते बघा. अमेरिकेतल्या मुलाने यंत्र तिकडे चालू करून आईवडिलांना पाठवलं असेल, तर ते ६० वर राहिलेलं असू शकतं. रेषा सावकाश वर-खाली झुलत असेल तर कारण श्वास किंवा सैल संपर्क.

यंत्र उलटं धरणं ही सर्वांत नेहमीची चूक. डावा-उजवा हात बदलला की लीड १ पूर्ण उलटी होते, २ आणि ३ आपापसांत बदलतात, एव्हीआर आणि एव्हीएल बदलतात, एव्हीएफ तशीच राहते. ओळखायला सोपं: लीड १ मध्ये पी, क्यूआरएस (खालच्या कप्प्यांचं उंच टोक), टी (त्यामागची गोलसर लहर) सगळंच डोकं खाली करून, आणि एव्हीआरमध्ये सगळं सरळ. एरवी एव्हीआर उलटी असणं हेच ठीक. पट्टी अशी निघाली तर नवा आजार शोधू नका, यंत्र फिरवा आणि पुन्हा काढा. डाव्याऐवजी उजव्या पायाला टेकवलं, तर मात्र जवळजवळ काहीच फरक पडत नाही.

आता निकालाची ओळ. ॲप तीस सेकंदांनंतर सांगतं ते साधारण एवढंच: नॉर्मल सायनस ऱ्हिदम (नेहमीचे ठोके), पॉसिबल एट्रियल फिब्रिलेशन (वरच्या कप्प्यांच्या अनियमित थरथरीची शंका), ब्रॅडिकार्डिया (संथ ठोके), टॅकिकार्डिया (जलद ठोके), अनक्लासिफाइड (कशातच न बसणारे), किंवा पट्टी वाचण्याजोगी नाही. वार्षिक वर्गणी भरणाऱ्यांना आणखी तीन निकाल मिळतात: खालच्या कप्प्यांतले अवेळी ठोके, वरच्या कप्प्यांतले अवेळी ठोके आणि रुंद क्यूआरएस. या यादीत काय नाही ते बघा. हार्ट ब्लॉक, म्हणजे वरून खाली जाणारी विद्युत लहर अडणं, नाही. एट्रियल फ्लटर, म्हणजे वरच्या कप्प्यांची एकसारखी अतिजलद धडधड, नाही. एसव्हीटी, म्हणजे खालच्या कप्प्यांच्या वरून अचानक सुरू होणारी जलद धडधड, नाही. व्हीटी, म्हणजे खालच्या कप्प्यांतूनच उठणारी धोकादायक जलद धडधड, नाही. म्हणजे ज्यांत धावपळ करावी लागते ते बरेचसे प्रकार ‘टॅकिकार्डिया’, ‘ब्रॅडिकार्डिया’ किंवा ‘अनक्लासिफाइड’ या गोण्यांत कोंबलेले असतात. पट्टी डोळ्यांनी वाचायची ती म्हणूनच.

वाचायला पीडीएफ उघडा, स्क्रीनशॉट नको. रेषा सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने चालते, त्यामुळे बारीक चौकोन ०.०४ सेकंदाचा आणि मोठा ०.२० सेकंदाचा. प्रिंटर पान लहान करत असेल तर चौकोनही लहान होतात. चौकोन मोजा, फुटपट्टी लावू नका. डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर पाठवतानाही पीडीएफच जाऊ द्या. ॲपमध्ये रेषा गुळगुळीत करणारा फिल्टर आहे. त्याने पट्टी देखणी होते, पण लहान लहरी पुसट होऊ शकतात, म्हणून शंका असेल तेव्हा तो काढून मूळ रेषा बघा.

क्रम ठेवलात तर गोंधळ होत नाही. पट्टी तीस सेकंदांची, म्हणून सगळे क्यूआरएस मोजून दुप्पट केले की मिनिटाचे ठोके. ठोके नियमित असतील तर दोन क्यूआरएसमधले मोठे चौकोन मोजून ३०० ला भागा: चार चौकोन म्हणजे ७५, दोन चौकोन म्हणजे १५०. मग अंतरं सारखी आहेत का ते तपासा. डोळ्यांवर विसंबू नका, कागदाच्या कडेला पेन्सिलीने तीन-चार टोकं खुणावून कागद पुढे सरकवा. नंतर प्रत्येक क्यूआरएसआधी पी आहे का, लीड १, २ आणि एव्हीएफमध्ये ती सरळ आणि एव्हीआरमध्ये उलटी आहे का. पी सुरू झाल्यापासून क्यूआरएस सुरू होईपर्यंत (हेच पीआर अंतर) तीन ते पाच बारीक चौकोन. क्यूआरएसची रुंदी तीन बारीक चौकोनांहून कमी. एवढं जमलं की बऱ्याच पट्ट्या उलगडतात.

ज्याच्यासाठी हे यंत्र मुख्यतः विकलं जातं, तो एट्रियल फिब्रिलेशन, डॉक्टरांच्या बोलीत एएफ. अंतरं कुठल्याच नियमात न बसणारी, पी लहरींचा पत्ता नाही, त्यांच्या जागी तळाची रेषा बारीक थरथरणारी. एएफमध्ये वरच्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी मेंदूकडे जाण्याचा धोका असतो, म्हणून तो सापडण्याला महत्त्व. या कामात कार्डिया खरोखर चांगलं आहे, आणि तसा पुरावाही आहे. वेल्समधल्या २०१७ च्या रिहर्स-एएफ चाचणीत ६५ च्या पुढच्या १,००१ लोकांपैकी निम्म्यांनी आठवड्यातून दोनदा जुन्या एका लीडच्या कार्डियावर पट्टी काढली. वर्षभरात त्यांच्यात १९ जणांचा एएफ सापडला, नेहमीची तपासणी चाललेल्या गटात फक्त ५ जणांचा. युरोपीय हृदयरोग संघटनेची मार्गदर्शक तत्त्वंही एका लीडची तीस सेकंदांची पट्टी एएफच्या निदानाला पुरेशी धरतात. अट एकच, ती पट्टी डॉक्टरांनी स्वतः बघितलेली हवी. ॲपने ‘पॉसिबल’ म्हटलं म्हणून रक्त पातळ करण्याची गोळी सुरू करायची नाही, आणि पुढची पट्टी नॉर्मल आली म्हणून चालू गोळी थांबवायचीही नाही. येणं-जाणं हा एएफचा स्वभावच आहे.

खोटा एएफ कुठे येतो? अवेळी ठोके वरचेवर पडत असतील तर अंतरं विस्कटतात आणि ॲप फसतं. पट्टीत मात्र मधल्या ठोक्यांआधी स्वच्छ पी दिसते. तरुण मुलांत श्वास घेताना ठोके जलद आणि सोडताना संथ होतात. तेही अनियमित, पण लाटेसारखं, आणि पी प्रत्येकाआधी हजर. तिसरं कारण थरथरता हात. पार्किन्सनचा कंप सेकंदाला साधारण चार ते सहा वेळा होतो, म्हणजे मिनिटाला २४० ते ३६०. हाच वेग एट्रियल फ्लटरच्या लहरींचा. भल्याभल्यांना चकवणारी ही नक्कल आहे. इथे तीन बिंदूंचा फायदा घ्या. कंप उजव्या हातात असेल तर लीड ३ मध्ये उजवा हात येतच नाही, म्हणून ती स्वच्छ राहते. डाव्या हातात असेल तर लीड २ बघा, पायात असेल तर लीड १. एका लीडमध्ये ‘फ्लटर’ आणि दुसरीत प्रत्येक क्यूआरएसआधी नीटस पी असेल, तर तो कंप आहे. एका लीडच्या यंत्रावर ही सोय नाही.

उलट बाजूही आहे. एएफ असूनही ठोके नियमित होऊ शकतात. एएफ असलेल्या, डिजॉक्सिनची (ठोके संथ करणारी) गोळी चालू असलेल्या माणसाची पट्टी अचानक संथ आणि एकसारख्या अंतराची दिसू लागली, तर तो बरा झाल्याची खूण समजू नका. पी परत आल्या नसतील, तर वरून खाली जाणारा मार्ग बंद पडून खालचा कप्पा स्वतःच्या गतीने चालतोय, अशी शंका घेऊन त्याच दिवशी दाखवा. ॲपला यातलं काही कळत नाही, त्याला दिसतो तो फक्त संथ वेग.

एट्रियल फ्लटरमध्ये वरचे कप्पे मिनिटाला ३०० च्या आसपास धडधडतात आणि बहुतेक वेळा दोनांतला एक ठोका खाली उतरतो. म्हणून विश्रांतीत बसलेल्या माणसाचा वेग १५० वर खिळलेला दिसला की आधी फ्लटर आठवा. करवतीचे दात लीड २, ३ आणि एव्हीएफमध्ये शोधायचे. इथे घड्याळाची लीड १ कुचकामी ठरते, तीत रेषा बऱ्याचदा जवळजवळ सपाट असते. दात क्यूआरएस आणि टीमध्ये लपत असतील तर पट्टी उलटी धरून बघा, डोळ्यांना लगेच सापडतात. कार्डिया यावर ‘टॅकिकार्डिया’ म्हणेल, ‘अनक्लासिफाइड’ म्हणेल, कधी ‘पॉसिबल एएफ’ही म्हणेल. गुठळीचा धोका मात्र एएफसारखाच.

एसव्हीटीसाठी तर हे यंत्र मी सर्वांत आधी सुचवेन. अचानक सुरू, अचानक बंद, वेग १५० ते २२०, क्यूआरएस अरुंद, अंतरं घड्याळाच्या काट्यासारखी. दवाखान्यात पोहोचेपर्यंत थांबतं आणि रुग्णाच्या कपाळी ‘टेन्शन’चा शिक्का बसतो. एडिंबरोहून झालेल्या २०१९ च्या आयपेड अभ्यासात धडधड किंवा चक्कर आल्यासारखं वाटून इमर्जन्सीत आलेल्या, पण कारण न सापडलेल्या २४३ रुग्णांपैकी निम्म्यांना कार्डिया दिलं होतं. नव्वद दिवसांत त्रासाच्या वेळचा ठोका टिपला गेला तो यंत्र असलेल्यांत ५५.६ टक्के जणांचा, नसलेल्यांत ९.५ टक्के जणांचा. घाबरून वाढलेल्या नेहमीच्या ठोक्यांपासून एसव्हीटी वेगळी काढायची तर लागोपाठ दोन-तीन पट्ट्या काढा. भीतीचे ठोके १२८, १२१, ११५ असे उतरत जातात. एसव्हीटी १८२ वर असेल तर १८२ वरच राहते. धडधड थांबल्यावर आणखी एक पट्टी काढायला विसरू नका. तीत पीपासून क्यूआरएसपर्यंतचं अंतर तीन बारीक चौकोनांहून कमी आणि क्यूआरएसच्या पायथ्याशी तिरपा उतार दिसला, तर तो डब्ल्यूपीडब्ल्यू, म्हणजे वरच्या आणि खालच्या कप्प्यांना जोडणाऱ्या जन्मजात जादा तारेचा प्रकार असू शकतो. अशा माणसाला एएफ झाला तर ठोके फार वेगाने खाली उतरतात, म्हणून हृदयाच्या विजेचं काम बघणाऱ्या तज्ज्ञाकडे जायचं.

अवेळी ठोके, म्हणजे एक्टोपिक, यांच्यामुळे सर्वाधिक लोक घाबरतात आणि सर्वाधिक वेळा कारण किरकोळ निघतं. खालच्या कप्प्यातला ठोका वेळेआधी येतो, रुंद असतो, त्याआधी पी नसते आणि मागे मोठा खंड पडतो. आधीच्या आणि नंतरच्या नियमित ठोक्यांमधलं एकूण अंतर बहुतेक वेळा नेहमीच्या अंतराच्या बरोबर दुप्पट भरतं. एक नियमित, एक अवेळी अशी जोडी लागली की बोटाच्या ऑक्सिमीटरवर नाडी ३८ दिसते आणि घरात हलकल्लोळ होतो. अवेळी ठोक्यात रक्त कमी ढकललं जातं, बोटापर्यंत तो पोहोचतच नाही. पट्टीवर ठोके ७६ असतात. ऑक्सिमीटर आणि बीपी मशीन यांच्या नाडीच्या आकड्यावर शंका आली की ६एल काढणं हा फार चांगला उपयोग. अवेळी ठोके दिवसाला किती पडतात हे मात्र तीस सेकंदांत कळत नाही. त्यासाठी २४ तास अंगावर बांधून ठोके नोंदवणारं होल्टरच लागतं.

संथ ठोक्यांच्या बाबतीत या यंत्राचा निकाल सर्वांत तोकडा आहे. रोज पळणाऱ्या माणसाचा ४८ आणि पंचाहत्तरीतल्या आजीचा ४८, दोन्हींवर ॲप ‘ब्रॅडिकार्डिया’ लिहून मोकळं होतं. पळणाऱ्याच्या पट्टीत प्रत्येक क्यूआरएसला त्याची पी असते, अंतर ठरलेलं. आजींच्या पट्टीत पी आपल्या गतीने ८० नी चालल्या आहेत, क्यूआरएस आपल्या गतीने ४८ नी, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, असं असलं तर तो पूर्ण हार्ट ब्लॉक, थेट रुग्णालय. मधले प्रकार असे: पीआर अंतर पाच बारीक चौकोनांहून जास्त पण स्थिर असेल तर पहिल्या दर्जाचा, सहसा चिंतेचा नाही. अंतर दर ठोक्याला लांबत जाऊन एक क्यूआरएस गळत असेल तर वेंकेबाख, तरुणांत झोपेतही दिसतो. अंतर अजिबात न बदलता अचानक क्यूआरएस गळत असेल तर मोबिट्झ दुसरा, त्यात पेसमेकरचा विचार करावा लागतो. पट्टीत एखादा लांब खंड दिसला तर ब्लॉक म्हणण्याआधी मागची टी लहर नीट बघा. तिच्यावर टेंगूळ असेल तर ती वेळेआधी आलेली, खाली न उतरलेली पी असते. खंडाचं हेच सर्वांत नेहमीचं कारण आहे. चक्कर येऊन पडणाऱ्या माणसासाठी मात्र हे यंत्र घेऊ नका. शुद्ध हरपलेला माणूस अंगठे टेकवू शकत नाही, त्याला होल्टर किंवा त्वचेखालचा लूप रेकॉर्डर हवा.

क्यूआरएस तीन बारीक चौकोनांहून रुंद आणि वेग १२० च्या वर असेल तर पुढची पट्टी काढत बसू नका, १०८ ला फोन करा. व्हीटी नाही हे सिद्ध होईपर्यंत ती व्हीटीच, विशेषतः पूर्वी हार्ट ॲटॅक येऊन गेलेल्या माणसात. एव्हीआरमध्ये क्यूआरएसची सुरुवातच उंच सरळ टोकाने होत असेल, किंवा पी स्वतंत्र चालताना दिसत असतील, तर शंका आणखी पक्की. पण हा शोध रुग्णालयात करायचा. काढलेली एक पट्टी सोबत न्या. धडधड तोवर थांबली तरी तिच्यावरून पुढचा उपचार ठरू शकतो.

छातीत दुखत असताना हे यंत्र हातात घेणं हा निव्वळ वेळेचा अपव्यय आहे. छातीवरच्या व्ही-१ ते व्ही-६ या लीड इथे नाहीत, म्हणजे हृदयाच्या समोरच्या भिंतीची बातमीच नाही. शिवाय रेषा स्थिर दिसावी म्हणून ०.५ हर्ट्झखालची कंपनं गाळली जातात, तर निदानाच्या मोठ्या ईसीजीत ही चाळणी ०.०५ ला असते. त्यामुळे एसटी भागाचा, म्हणजे हार्ट ॲटॅक ओळखायला बघतात त्या क्यूआरएस आणि टीमधल्या रेषेचा, आकार बदलू शकतो. हार्ट ॲटॅक ओळखता येत नाही हे कंपनीही सांगते. ‘नॉर्मल सायनस ऱ्हिदम’ म्हणजे ठोके नियमित आहेत, एवढाच अर्थ. ॲटॅक चालू असलेल्या कितीतरी लोकांचे ठोके अगदी नियमित असतात. ब्रुगाडासारखे (ठोके अचानक बिघडवणारे आनुवंशिक) आजार आणि उजव्या-डाव्या बंडल ब्लॉकमधला (खालच्या कप्प्यांकडे जाणाऱ्या विद्युत तारांपैकी एक अडण्यातला) नेमका फरक हेही व्ही-१ शिवाय नीट कळत नाहीत. पेसमेकर किंवा आयसीडी (गरजेला शॉक देणारं यंत्र) बसवलेल्यांनी वापरू नये, अशीही कंपनीची सूचना आहे. ती पाळा, कारण पेसमेकरच्या ठोक्यांचा अर्थ लावायला हे ॲप केलेलंच नाही.

पैशांचं गणित करताना यंत्राची किंमत आणि वर्गणी वेगवेगळी मोजा. २०१९ साली अमेरिकेत ६एल १४९ डॉलरला आलं आणि वर्गणी वर्षाला ९९ डॉलर होती, म्हणजे दोन वर्षांत वर्गणीच यंत्राहून महाग. पट्टी काढणं, साठवणं, पीडीएफ पाठवणं हे वर्गणीशिवाय चालतं, आणि आमच्या मते तेवढं पुरेसं आहे. वर्गणीचे जादा निकाल वर सांगितलेल्या क्रमाने पट्टी वाचणाऱ्याला फारसं नवं काही देत नाहीत. भारतात घेताना तुमचा फोन ॲपच्या यादीत आहे का आणि कुठल्या सुविधा इथे चालू आहेत, ते पैसे देण्याआधी तपासा. विक्रेत्याकडे बिल आणि वॉरंटी मागा. कुणाच्या सामानातून आलेल्या यंत्राला इथे दुरुस्ती मिळेलच असं नाही.

घेतल्यावर पहिलं काम: काहीही त्रास नसताना, निवांत बसून एक स्वच्छ पट्टी काढून ठेवा आणि ती डॉक्टरांकडून वाचून घ्या. प्रत्येकाच्या पीचा आकार, पीआरचं अंतर, क्यूआरएसची रुंदी वेगळी असते, आणि धडधडीच्या वेळची पट्टी हिच्याशीच ताडून बघायची असते. प्रत्येक पट्टीला ॲपमध्ये दोन शब्दांची नोंद जोडा: काय वाटत होतं, किती वाजता सुरू झालं, चहा-कॉफी किंवा दम्याचा पंप घेतला होता का. घरातली इतर माणसं वापरणार असतील तर त्यांच्या पट्ट्या वेगळ्या नावाने ठेवा. एकाच खात्यात चार जणांचे ठोके मिसळले, तर महिन्याभराने डॉक्टरांना काय दाखवायचं ते कुणालाच सांगता येत नाही.